दोन्हीकडची पत्रे



ज्यांच्या स्मृतीसाठी हे व्याख्यान दरवर्षी होते, त्या बाईंनी मला शाळेत मराठी शिकवले. पत्रलेखनाचा प्रश्न बहुतेक शिक्षक वर्षाच्या शेवटी, वेळ उरला तर घेत. बाई वर्षाची सुरुवातच त्याने करीत. ज्याला लिहायचे तो माणूस समोर बसला आहे असे समजून लिही, एवढी एकच सूचना त्या देत. पुढे मी स्वतः डोंबिवलीच्या एका शाळेत मराठी शिकवले. यजमान बरीच वर्षे मस्कतला नोकरीला होते, त्यामुळे आमच्या संसाराचा मोठा भाग पत्रांतूनच झाला. परदेशातले आयुष्य आणि घरी येणे-जाणे या विषयावर बोला, असे संयोजकांनी सांगितले तेव्हा तो पत्रांच्या अंगाने मांडायचा हे मी लगेच ठरवले.

मला सांगायचे आहे ते आधीच सांगून टाकते. परदेशी गेलेल्या माणसाचे आयुष्य एका बाजूच्या पत्रांतून कळत नाही. त्याने घरी काय लिहिले आणि घरच्यांनी त्याला काय लिहिले, हे शेजारी ठेवून वाचावे लागते. आणि ही दोन्हीकडची पत्रे ठाणे, डोंबिवली, कल्याण या आपल्या तिन्ही शहरांतून आज भराभर नाहीशी होत आहेत.

कल्याणला परदेश नवा नाही. पहिल्या शतकात एका ग्रीक भाषिक दर्यावर्दीने लिहिलेल्या ‘पेरिप्लस’मध्ये कल्याणचे नाव येते. आधी ही खुली, रीतसर पेठ होती. पुढे राज्यकर्ता बदलला आणि इथे येऊन लागणारी ग्रीक गलबते पहाऱ्यात भडोचला नेली जाऊ लागली, असे तो लिहितो. कान्हेरीच्या लेण्यांतल्या शिलालेखांत कल्याणच्या व्यापाऱ्यांची दाने कोरलेली आहेत. म्हणजे दोन हजार वर्षांपूर्वी या खाडीतून माणसे जात होती, येत होती, पैसा मिळवत होती. त्यांनी दिलेले दान दगडावर राहिले. त्यांच्या घरी त्यांची वाट कोण पाहत होते, ते कुठेच राहिले नाही.

ज्या पहिल्या कल्याणकराच्या परदेशातल्या आयुष्याबद्दल आपण खरोखर काही जाणतो, ती एक मुलगी आहे. १८५३ मध्ये बोरीबंदर ते ठाणे गाडी सुरू झाली, १८५४ मध्ये ती कल्याणपर्यंत आली, १८६४ मध्ये इथे सार्वजनिक वाचनालय निघाले आणि त्याच्या पुढच्याच वर्षी, ३१ मार्च १८६५ रोजी, कल्याणच्या जोशींच्या घरातली यमुना जन्मली. नवव्या वर्षी तिचे लग्न गोपाळराव जोशी यांच्याशी झाले आणि ती आनंदीबाई झाली. गोपाळराव टपाल खात्यात कारकून होते. या गोष्टीकडे आपण फारसे लक्ष देत नाही, पण मला ती महत्त्वाची वाटते. ज्या घरात टपाल हाच पोटापाण्याचा धंदा, त्या घराला जगाचा पत्ता ठाऊक असतो. बदल्या होत गेल्या, अलिबाग, कोल्हापूर, मुंबई, भूज, कलकत्ता, कलकत्त्याजवळचे श्रीरामपूर. त्यात तिला मूल झाले आणि दहा दिवसांत गेले. डॉक्टर होण्याचा निश्चय त्या दुःखातून आला.

पुढचे सगळे पत्रांनी घडले. गोपाळरावांनी १८७८ मध्ये कोल्हापुरातून वाइल्डर नावाच्या अमेरिकन मिशनऱ्याला पत्र लिहिले. त्याने ते आपल्या नियतकालिकात छापले, सोबत स्वतःचे उत्तरही छापले, आणि त्या उत्तरात धर्मांतराची अपेक्षा उघड होती. तिथे हे प्रकरण संपायचे. पण १८८० मध्ये न्यू जर्सीतल्या रोझेल गावच्या थिओडिशिया कार्पेंटर या बाई दातांच्या डॉक्टरकडे गेल्या असताना तिथे पडलेला जुना अंक त्यांच्या हाती आला. त्यांनी आनंदीबाईंना पत्र घातले. दोघींनी एकमेकींना पाहिलेले नव्हते आणि दोन-तीन वर्षे त्या लिहीत राहिल्या, सणवार, औषधे, बालविवाह, घरातल्या रीती, सगळ्याबद्दल. आनंदीबाई त्यांना मावशी म्हणू लागल्या. २४ फेब्रुवारी १८८३ रोजी श्रीरामपूरच्या कॉलेजात त्यांनी आपण अमेरिकेला का जातो हे जाहीर सभेत सांगितले. ७ एप्रिलला कलकत्त्याहून बोटीत बसल्या आणि ४ जूनला न्यूयॉर्कच्या धक्क्यावर उतरल्या. सोबत नवरा नाही, नातेवाईक नाही, वय अठरा. घ्यायला आलेल्या होत्या कार्पेंटर मावशी.

आज मुंबईहून नेवार्कला थेट विमानाने सोळा-सतरा तासांत पोचता येते. नेवार्कच्या विमानतळापासून रोझेल जवळच आहे. आपल्यापैकी कितीतरी जणांची मुले त्या भागात राहतात, आणि सुनेच्या नाहीतर लेकीच्या बाळंतपणाला आपण सहा-सहा महिने तिकडे जाऊन येतो. रोझेलमधल्या एका घरात १८८३ च्या उन्हाळ्यात कल्याणच्या एका मुलीने स्वयंपाक करून घरच्यांना आपल्या पद्धतीने जेवायला वाढले होते, हे जाऊन आलेल्यांतल्या थोड्यांनाच माहीत असते.

फिलाडेल्फियातल्या विमेन्स मेडिकल कॉलेजने तिला तीन वर्षांसाठी ६०० डॉलरची शिष्यवृत्ती दिली. अधिष्ठाता होत्या रेचेल बॉडली. खोली मिळाली तिची शेगडी धड चालत नसे. पेटवली तर धूर, विझवली तर गारठा. मांसाहार न करण्याचे वचन पाळायचे, लुगडे सोडायचे नाही. नऊवारी लुगड्यात पोटऱ्या उघड्या राहतात म्हणून तिने गुजराती पद्धतीने नेसायला सुरुवात केली. थंडी सोसायची आणि घरी दिलेला शब्दही राखायचा, यातून काढलेली ती वाट होती. मार्च १८८६ मध्ये ती एम. डी. झाली. प्रबंधाचा विषय होता हिंदू आर्यांमधील प्रसूतिशास्त्र. समारंभाला पंडिता रमाबाई हजर होत्या. कोल्हापूरच्या आल्बर्ट एडवर्ड रुग्णालयात स्त्रियांच्या विभागाची प्रमुख म्हणून तिची नेमणूक ठरली होती. ऑक्टोबरमध्ये ती, मागाहून तिकडे आलेल्या गोपाळरावांबरोबर, निघाली, १६ नोव्हेंबर १८८६ रोजी मुंबईला पोचली आणि २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात क्षयाने गेली. कोल्हापूरचे काम सुरू होऊच शकले नाही. वयाची बावीस वर्षेही पुरी नव्हती.

हे सगळे आपल्याला ठाऊक आहे. शाळेत मी ते शिकवत आले. श्री. ज. जोशी यांच्या कादंबरीने आणि २०१९ च्या चित्रपटाने ते घराघरांत पोचवले. पण आपल्याला ते कशामुळे ठाऊक आहे, याचा विचार करावा. तिच्या मृत्यूनंतर वर्षभरात कॅरोलाइन डॉल यांनी अमेरिकेत तिचे चरित्र छापले, ते कार्पेंटरबाईंनी जपलेल्या पत्रांच्या आधाराने. मराठीत काशीबाई कानिटकरांनी चरित्र लिहिले तेही पत्रे जमवून. काशीबाई स्वतः घरच्यांचा डोळा चुकवून वाचायला शिकलेल्या, आणि दुसऱ्या बाईच्या पत्रांची किंमत त्यांना कळली. शंभरेक वर्षांनी अंजली कीर्तने यांनी, आणि पुढे मीरा कोसंबी यांनी, पुन्हा याच कागदांकडे जाऊन आनंदीबाईंना नव्याने उभे केले. रोझेलच्या त्या घरात आवराआवर करताना कोणी ते गठ्ठे टाकून दिले असते, तर आपल्याजवळ एक पदवी, एक छायाचित्र आणि पंचांगातल्या दोन तारखा, एवढेच उरले असते.

आता त्या पत्रांमध्ये काय आहे ते पाहू. गोपाळरावांच्या सक्तीशिवाय आनंदीबाई शिकल्या नसत्या, हे खरे आहे. त्या सक्तीचे रूप काय होते हेही खरे आहे. हे दुसरे सत्य आपल्याला अमेरिकेतून गोपाळरावांना लिहिलेल्या पत्रामुळे कळते. लहानपणी बसलेला मार, अंगावर फेकलेल्या वस्तू, सोडून जाण्याच्या धमक्या, हे सगळे तिने त्यांनाच लिहून विचारले आहे. हिंदू बायकोला नवऱ्यापुढे बोलण्याचा अधिकार नाही, त्याला हवे ते करू देऊन गप्प बसण्याचा मात्र आहे, अशा अर्थाचे ती लिहिते. हे ती अलिबागच्या किंवा भूजच्या घरात त्यांच्या तोंडावर विचारू शकली नसती. मधे समुद्र आला, पत्र पोचायला महिन्याहून जास्त आणि उत्तर यायला तेवढाच काळ लागू लागला, तेव्हा ती लिहू शकली. परदेशाने माणसाला पैसा दिला, शिक्षण दिले असे आपण म्हणतो. या मुलीला परदेशाने नवऱ्याशी खरे बोलायला लागेल तेवढे अंतर दिले. माझ्या मते तिच्या एम. डी.च्या खालोखाल ही गोष्ट आहे.

आणि या पत्रव्यवहारात कोण नाही? कल्याणचे घर नाही. आई फार कडक होती, मारत असे, हे आनंदीबाईंनीच लिहून ठेवले आहे. आजीची तिच्यावर माया होती. पण मुलगी सातासमुद्रापलीकडे गेली तेव्हा वाड्यात काय बोलणे झाले, आईने कोणाजवळ डोळे पुसले की नाही, शेजारपाजाऱ्यांनी काय ऐकवले, याबद्दल त्या आईच्या बाजूने लिहिलेला शब्द नाही. तिला लिहिता येत नव्हते. म्हणून आपल्या इतिहासात ती फक्त कडक आई म्हणून राहिली. दुसरी बाजू नसली की माणसाचे असे होते.

आनंदीबाईंची रक्षा कार्पेंटरबाईंकडे पाठवण्यात आली. न्यूयॉर्क राज्यातल्या पोकिप्सी इथे त्यांच्या कुटुंबाच्या दफनभूमीत ती आहे, वर नावाचा दगड आहे. कल्याणची मुलगी तिथे मावशीच्या माणसांत आहे. अमेरिकेला जाणाऱ्यांनी एकदा तिथे जाऊन यावे, असे मी माझ्या विद्यार्थ्यांना सांगत आले.

ठाण्याकडे वळते. टेंभी नाक्याजवळ, सिव्हिल हॉस्पिटलसमोर, १८७९ साली बांधलेले सिनेगॉग आहे, शाआर हशामाईम. म्हणजे आनंदीबाई चौदा वर्षांची होती तेव्हाचे. ते बांधणारी बेने इस्राएल यहुदी मंडळी कोकणातली, नवगावच्या किनाऱ्याला लागलेल्या गलबताची आठवण सांगणारी, पेणकर, राजपूरकर, नवगावकर अशी आपल्यासारखीच गावांवरून आडनावे लावणारी, शनवार पाळणारे तेली म्हणून ओळखली गेलेली. घरची भाषा मराठी. त्यांच्यात मराठी कीर्तनेही होत. १९४८ मध्ये इस्रायल झाले आणि पुढच्या दोन-तीन दशकांत त्यांतली बहुतेक घरे उठून तिकडे गेली. दिमोना, बीरशेबा, अश्दोद, लोद. भारतात राहिले त्यांतले बरेच आज ठाण्यात आहेत.

त्यांची गोष्ट मी इथे आणते ती एका कारणासाठी. ते ‘परदेशी’ गेले की ‘घरी’ गेले? धर्माने ती त्यांची वचनाची भूमी. पण पहिल्या काही वर्षांत भेदभावाचा अनुभव आल्यावर त्यांच्यातल्या एका गटाने तेल अवीवमध्ये धरणे धरले, आम्हाला भारतात परत पाठवा म्हणून. १९५२ च्या सुमारास काही जण परत आले. आणि त्यांतले बरेच पुढे पुन्हा इस्रायलला गेले. मग साठच्या दशकात तिथल्या धर्मपीठाने त्यांच्या विवाहांबद्दल शंका काढली तेव्हा त्यांनी लढा दिला आणि १९६४ मध्ये ते पूर्ण यहुदी असल्याचे मान्य करून घेतले. जाणे, परतणे, पुन्हा जाणे आणि मग तिथे हक्काने उभे राहणे, हे सगळे एका पिढीत झाले. इस्रायलमध्ये ‘मायबोली’ नावाचे मराठी नियतकालिक त्यांनी चालवले. आजही तिकडची म्हातारी माणसे ठाण्यात येतात, सिनेगॉगमध्ये बसतात, मलिद्याच्या विधीला हजर राहतात, पुढे अलिबागकडे पूर्वजांच्या कबरी पाहायला जातात. भारत आणि इस्रायल यांच्यात पूर्ण राजनैतिक संबंध १९९२ मध्ये जुळले. त्याआधीची चाळीस वर्षे या दोन किनाऱ्यांमधला धागा म्हणजे देवनागरीत लिहिलेली पत्रे. ठाण्यात ज्या घरांत ती असतील, त्यांच्याजवळ महाराष्ट्राच्या इतिहासातले एक असे पान आहे जे दुसऱ्या कोणाकडे असणार नाही.

आता आपल्या डोंबिवलीकडे. गिरगाव, दादर, परळच्या चाळींत मावेनाशी झालेली कुटुंबे साठ-सत्तरच्या दशकांत इथे आली. स्वस्त जागा आणि लोकल, ही दोन कारणे. शिकलेली, इंजिनियरिंग-डिप्लोमा केलेली, आयटीआय झालेली मुले घरोघरी. अमेरिकेने १९६५ मध्ये कायदा बदलला आणि शिकलेल्यांना दार उघडले. १९७३ नंतर तेलाचे भाव चढले आणि आखातात बांधकामे निघाली. एका बाजूने अमेरिकेचा आणि एका बाजूने गल्फचा असे दोन रस्ते आपल्या गल्ल्यांतून गेले. परकीय चलन इतके जपून मिळे की खिशात आठ डॉलर घेऊन निघालो, असे त्या पिढीतले लोक सांगतात. गल्फला जाणाऱ्यांची तऱ्हा वेगळी. एजंट, मेडिकल, पासपोर्टवरचा शिक्का, दोन वर्षांचे कॉन्ट्रॅक्ट आणि मग दोन महिने सुट्टी. अमेरिकेला गेलेल्याचा फोटो दिवाणखान्यात लागे. गल्फला गेलेल्याच्या ड्राफ्टवर बहिणीचे लग्न होई आणि एक खोली वाढे. आपल्या साहित्यात पहिल्याबद्दल पुष्कळ लिहिले गेले, दुसऱ्याबद्दल फारच कमी. या अन्यायाबद्दल मला खरोखर वाईट वाटते, कारण डोंबिवलीतली कितीतरी घरे त्या वाळवंटातल्या कष्टांवर उभी आहेत.

माझ्याजवळ दोन गठ्ठे आहेत. यजमान कायमचे परतले तेव्हा त्यांनी माझी सगळी पत्रे आणली. त्यांची माझ्याकडे होतीच. निवृत्तीनंतर मी दोन्ही गठ्ठे तारखेप्रमाणे लावले आणि एका बाजूचे पत्र, मग त्याला आलेले उत्तर, असे वाचत गेले. एरोग्राम म्हणजे एकच निळसर कागद, आत दुसरे काही घालायला बंदी, म्हणून शेवटच्या ओळी समासातून वर चढत गेलेल्या.

ते लिहितात, मेस चांगली आहे, एक कोल्हापूरचा स्वयंपाकी आहे. त्याच आठवड्यात कंपनीने तीन महिन्यांचा पगार थकवला होता आणि पासपोर्ट आपल्या ऑफिसात अडकवून ठेवले होते. हे मला त्यांच्या सोबत्याकडून कळले, तेही काही वर्षांनी. मी लिहिते, दादांची तब्येत उत्तम, रोज गणपतीच्या देवळापर्यंत चालून येतात. दादांना, म्हणजे माझ्या सासऱ्यांना, तेव्हा अर्धांगाचा झटका येऊन गेला होता आणि त्यांना मी आणि माझी नणंद मिळून कूस बदलून देत होतो. मी लिहिते, पाऊस छान झाला. खाली जिन्यापर्यंत पाणी होते. ते लिहितात, इथे उन्हाळा जाणवत नाही. ते दुपारच्या उन्हात साइटवर उभे होते. दोघेही खोटे लिहीत होतो आणि दोघांच्याही खोट्यात मायेशिवाय काही नव्हते. एकाने खरे लिहिले असते तर दुसऱ्याचे तिथले किंवा इथले काम थांबले असते, आणि ते परवडणारे नव्हते.

पत्राशिवाय कॅसेटही असत. कोणी सुट्टीवर येणार असेल तर त्याच्याबरोबर टेपवर बोलून पाठवायचे. त्या कॅसेटमध्ये लपवणे अवघड जाई. माझ्या मुलाचे पाढे मी टेप केले होते, आणि मागे दादांचा खोकला आला होता. यजमानांनी पुढच्या पत्रात फक्त एवढे विचारले, दादांना कोणता डॉक्टर पाहतो? मी उत्तर दिले, गल्लीतलाच, साधा खोकला आहे. आता वाचताना दिसते की त्या दिवशी त्यांना सगळे कळले होते आणि मला कळले होते की त्यांना कळले आहे. तरी पुढची दोन वर्षे आम्ही दोघांनी तो खोकला साधाच ठेवला.

मग सुट्टी. सहार विमानतळावरून पहाटे घरी येणे, दारात भाकरतुकडा ओवाळणे, ब्लँकेट, साबण, टॅंगचे डबे, टू-इन-वन, हे सर्वांना आठवत असेल. मला आठवतो तो तिसरा-चौथा दिवस. पहिले दोन दिवस आनंदाचे असतात. तिसऱ्या दिवशी आलेला माणूस घर नीट पाहू लागतो. वडिलांचा हात का उचलत नाही, मुलगा गणितात मागे का, कर्ज कोणाचे घेतलेस. आणि घरचे त्याला नीट पाहू लागतात. केस गेले, पाठ दुखते, रात्री दचकून उठतो. पत्रांत दोन वर्षे झाकलेले सगळे त्या दोन दिवसांत बाहेर येई. भांडणे होत. ती व्हायलाच हवी होती, असे आज मला वाटते. सुट्टी दोन महिन्यांची होती म्हणून भांडून पुन्हा जवळ यायला वेळ होता.

ऑगस्ट १९९० मध्ये इराकने कुवेत घेतले तेव्हा तिथून सुमारे १,७०,००० भारतीयांना बहुतेक अम्मानमार्गे विमानांनी परत आणले गेले. त्या दिवसांत गल्फमध्ये माणूस असलेल्या प्रत्येक घरात रेडिओ चालू होता. आमचे मस्कत त्यापासून दूर होते, तरी टपाल थांबेल की काय, या भीतीने मी एका रात्रीत जे पत्र लिहिले ते माझ्या गठ्ठ्यातले एकमेव संपूर्ण खरे पत्र आहे. दादांच्या आजारपणापासून सगळे त्यात आहे. त्याला आलेले उत्तरही तसेच खरे आहे. माझ्या दृष्टीने आमचे लग्न त्या दोन पत्रांत पक्के झाले.

आताची मुले एच-वन-बीवर जातात, कोणी जर्मनीला, कोणी ऑस्ट्रेलियाला. रोज व्हिडिओ कॉल होतो. अंतर राहिले नाही, असे सगळे म्हणतात. मला ते पटत नाही. कॅमेरा जिथे धरला तेवढेच दिसते. आमच्या इमारतीत एक आजी मुलाचा फोन यायच्या आधी खुर्चीत येऊन बसतात, वॉकर पडद्यामागे ठेवतात. मुलगा तिकडे नोकरी गेलेली असताना शर्ट घालून बोलतो. लपवणे तेच आहे, फक्त त्याची नोंद राहत नाही. आणि सुट्टी दोन महिन्यांची होती ती आता तीन आठवड्यांवर आली. त्यात बँकेचे केवायसी, आधारचा पत्ता, वडिलांचे तपासण्यांचे रिपोर्ट, दोन लग्ने, सोसायटीच्या कागदांवर सह्या. तिसऱ्या-चौथ्या दिवशी घर नीट पाहायचे, ते पाहायला वेळच नाही. मुलांना दोष देण्यात अर्थ नाही. त्यांना रजाच तेवढी मिळते. पण येणाऱ्यांना मी आग्रहाने सांगेन, तीन आठवड्यांतला एक आठवडा कोणतेही काम न ठरवता आईवडिलांसोबत घरात काढा. आणि आईवडिलांना सांगेन, वॉकर पडद्यामागे ठेवू नका.

सोसायटीच्या सह्यांचा उल्लेख केला. नौपाड्यात, डोंबिवली पूर्वेला, कल्याणच्या जुन्या आळ्यांत सत्तर-ऐंशीच्या दशकांतल्या इमारती पुनर्विकासाला जात आहेत. ज्या इमारतींतून माणसे परदेशी गेली त्या नेमक्या याच. बिल्डरची नोटीस येते, भाड्याच्या जागेत जायचे असते, माळे रिकामे होतात. मुलगा तिकडे, आई एकटी, सामान आवरायला शेजारची पोरे. पितळी भांडी वेगळी काढतात, कपडे कामवाल्या बाईंना देतात आणि पत्रांचे गठ्ठे रद्दीत जातात, किलोच्या भावाने. गेल्या काही वर्षांत मी माझ्या ओळखीच्या घरांतून हे होताना पाहिले आणि दरवेळी मला रोझेलची ती मावशी आठवली, जिने परक्या मुलीची पत्रे जपली.

ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ चे, कल्याणचे वाचनालय १८६४ चे. ही ग्रंथालये पुस्तकांसाठी निघाली, तरी परदेशी गेलेल्यांची आणि त्यांच्या घरच्यांची पत्रे जपायला याहून योग्य जागा मला दिसत नाही. संस्थांच्या विश्वस्तांना माझी विनंती आहे की एक कपाट यासाठी राखावे, काही कागद अमुक वर्षे उघडू नयेत अशी अट घरच्यांनी घातली तर ती मान्य करावी, आणि गल्फची पत्रे अमेरिकेच्या पत्रांइतक्याच आदराने घ्यावीत. आनंदीबाईंच्या आईचा शब्द आपल्याकडे नाही. निदान आपल्या आयांचे, बायकांचे, वडिलांचे शब्द तरी गेलेल्यांच्या पत्रांशेजारी राहोत.

आणि तुम्हा सर्वांना विनंती. घर पुनर्विकासाला जाणार असेल तर पॅकर्सवाल्यांच्या आधी एक दिवस पत्रांसाठी ठेवा. पाकिटे फेकू नका, त्यावरचा टपालाचा शिक्का म्हणजे तारीख आणि गाव. सेलोटेप लावू नका, लॅमिनेशन करू नका, त्याने कागद जातो. पत्रात आलेली बाळ्या, माई, नाना ही माणसे कोण, हे पेन्सिलीने वेगळ्या चिठ्ठीवर लिहा, कारण ते सांगू शकणारे कदाचित तुम्हीच शेवटचे असाल. परदेशातल्या मुलांना फोन करून विचारा, आमची पत्रे तुमच्याकडे आहेत का, आणि असतील तर पुढच्या खेपेला घेऊन या म्हणावे. जुन्या कॅसेट असतील तर त्यातले आवाज उतरवून घ्या, फीत फार दिवस टिकत नाही. माझे दोन्ही गठ्ठे, तो एक खोटा खोकला आणि ती दोन खरी पत्रे यांसकट, ग्रंथालयाकडे द्यायला मी तयार आहे. तुमचेही घेऊन या.